सहाजण, भाग चौथा

इंजिन बंद कर, घुगे. पुढे अजून चौदा गाड्या आहेत
आणि काट्यावरचा पोरगा चहाला गेलाय.
तोवर चौथा भाग ऐक.

तिसरा संपला तेव्हा सायनच्या थेटरात
पोरं खुर्च्यांवर उभी राहून रडत होती,
धूसर गेला, धूसर गेला.
मी मात्र बघत होतो
वीजवेलनं एका फटक्यात आडवी केलेली ती तेवीस मजली इमारत.
स्लॅब, विटा, लाद्या, काच वेगळी,
लोखंड भंगारवाले नेतील ते सोडून
नऊशे डंपर. कमीत कमी.
आणि पुढच्याच सीनला रस्ता चकाचक!
कुणी उचललं रे? कुठल्या चलनावर?

म्हणून माझा चौथा भाग
दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला सुरू होतो.
तांबट घमेलं उचलतोय.
ज्या मुठींनी उल्का अडवली
त्यांना विटेचा कोपरा लागून रक्त येतं.
एक बाई येते, हातात मिक्सरचं भांडं.
झाकण शोधून द्या म्हणते.
दुसरं काही नको, झाकण.
मध्यंतरापर्यंत पाचही जण तेच शोधतात.
कोण बघेल, म्हणतोस?
मी बघेन. पहिल्या दिवशी, पहिला खेळ.

पाचवा कानसेनचा.
त्याला गावभरचं ऐकू येतं, म्हणून
वडाळ्याच्या मिठागरापाशी एक खोली घेतो,
तिथं निदान मीठ तरी गप्प असेल.
पण रात्री एकाच वेळी अकराशे जण वाचवा म्हणतात.
आधी कुणाकडे जायचं?
मी पाच महिने अडकलो होतो इथंच.
मग सुचलं, तो त्यांच्यापैकी कुणाकडेच जात नाही.
गोवंडीत एक माणूस
अंधारात नुसता एक आकडा पुटपुटतोय,
पोरीच्या फीचा, परत परत,
त्याच्या दाराशी जाऊन कानसेन उभा राहतो.
पुढे काय करतो ते ठरलेलं नाही.
कडी वाजवतो एवढं नक्की.

सहावा छोटा आहे.
अकराक्षण वेळ मागे नेतो, अकरा सेकंद, जास्त नाही.
लोकांना वाटतं बॉम्ब असेल, पूल असेल.
मी त्याला केईएमच्या वॉर्डात उभा करतो.
एकाचा बाप शेवटचं काही बोलला
तेव्हा पोरगा फोनवर होता.
अकराक्षण त्याला ती अकरा सेकंदं देतो.
बाप म्हणतो, पंखा कमी कर.
बास.
पोरगा उठतो, पंखा कमी करतो.

नाही रे, माझे वडील नव्हेत.
गाडी घे पुढे, जागा झालीय.

सातवा जमत नाहीये. घोरपड कुठलीही भिंत चढतो
पण त्याच्या सोसायटीत पुनर्विकासाला
एकावन्न टक्के सह्या होत नाहीत.
दुसऱ्या मजल्यावरचे प्रभुदेसाई दारच उघडत नाहीत.
हा विनोदी होईल किंवा फारच वाईट.

आणि हो, धूसर.
सगळ्यांना तो परत हवाय.
कुणी म्हणतं जुळा भाऊ काढा, कुणी म्हणतं दुसरं विश्व.
माझा प्रश्न साधा आहे:
जो दिसतच नव्हता
त्याचं प्रेत पाहिलं कुणी?
पण परत आणायचा नाही त्याला. मी असतो तर
नावसुद्धा घेतलं नसतं पुढच्या एकाही भागात.
फक्त कुठेतरी एक दार
माणूस आत जायला लागतो त्याहून थोडं जास्त वेळ
उघडं ठेवलं असतं.

हसू नकोस. तुला एक सांगतो, कुणाला बोलू नको.
परवा रात्री तू माल टाकून परत आलास,
गाडी रिकामी, क्लीनर सुट्टीवर, टाकी अर्धी,
तरी काट्यावर साठ किलो जास्त भरले.
मी खाली उतरलो. हौदा बघितला, टायर बघितले.
चिखल नव्हता.
पोरगा म्हणाला, काटा बिघडलाय, लिहू का?
मी म्हटलं, राहू दे.

तुझ्या शेजारच्या सीटवरची ती पिशवी
मागे ठेव जरा.