पेव

अठ्ठावीस वर्षं फळ्यावर मी एकच डोंगर काढला.
डोंगरावर धूर, म्हणून डोंगरावर अग्नी.
डोंगर खडूचा, धूर खडूचा,
तासाची घंटा झाली की दोन्ही डस्टरखाली.

निवृत्त झाल्यावर हरिपूरला गेलो, पेवं बघायला.
जमिनीच्या पोटात रांजणासारख्या खोल्या,
तोंड एवढंसं.
आत हळद निजायची वर्षानुवर्षं,
पाच सालच्या पुरात कृष्णामाई आत शिरेपर्यंत.

धुळाप्पा म्हणाला, ‘मास्तर, उघडल्या उघडल्या उतरायचं न्हाई.
आधी कंदील सोडायचा.
जळत ऱ्हायला तर माणूस खाली.
इझला तर माणूस वर.
आमच्या थोरल्या काकानं न्हाई सोडला.’
आणि तंबाखू मळत बसला.

माझ्या अनुमानांपायी कुणाचा काका गेला नव्हता.

गुडघे टेकून मी वाकलो.
काही दिसेना.
काही न दिसण्यातूनही काही कळतं का,
यावर शतकानुशतकं भांडलेली माणसं
माझ्या पाठीशी येऊन वाकली.
एक म्हणाला, डोळ्यांना दिसतं तेवढंच खरं,
बाकी सगळी दक्षिणेची सोय.
दुसरा म्हणाला, जमिनीवर घडा नाही,
तर ते ‘नाही’सुद्धा ज्ञानच.
तिसऱ्याला हवेशी देणंघेणं नव्हतं,
उतरणारा कोण, एवढंच त्याचं पालुपद.
एक बाई होती त्यांत,
फार विचारू नकोस म्हणून भर सभेत बसवलेली.
ती सगळ्यांच्या पुढे वाकली होती.

नेमगोंडा अडते छत्री टेकून उभे.
‘हवा असेल. नसेल. असेलही आणि नसेलही.
सांगता यायचं नाही.’
हे बस्तीत मुनींकडून ऐकलेलं,
पण सौद्यात रुमालाखाली बोटं धरून
भावही ते असाच सांगतात.

धुळाप्पानं दोरी सोडली, हातभर, हातभर.
ज्योत लिंबाएवढी झाली,
मग हळदीच्या कांडीएवढी,
मग नाही.

पाठीमागचं भांडण थांबलं.
रिकामं पेव, उतरायचं कुणालाच नव्हतं,
तरी सगळे एक पाऊल मागे सरले,
बाई सोडून.

कंदील वर आला.
काच अजून गरम होती.
मी तळहात लावून ठेवला,
भाजेपर्यंत.

‘आज न्हाई,’ धुळाप्पा म्हणाला,
आणि तोंडावर फरशी ओढली.