हरकरे निसटतो

दर बुधवारी रात्री साडेनऊला
हरकरे निसटायचा.
कधी दुधाच्या टँकरमधून,
कधी वरातीत, बँडवाल्याच्या टोपीखाली,
एकदा तर डोर्लीकर साहेबांच्याच स्कूटरवर मागे बसून,
डोक्यात हेल्मेट.

लिहायची मी.
दिवसा जिल्हा कोर्टात स्टेनो : दुसऱ्यांचे जबाब, जसेच्या तसे.
रात्री अजनीच्या क्वार्टरमध्ये,
कूलरच्या खडखडाटात, माझं स्वतःचं खोटं.
सकाळी बर्डीवरून फॅक्स, पानाला दहा रुपये.
मुंबईहून फोन यायचा :
मॅडम, तुमचा व्हिलन फार गोड होतोय.

आबा बघायचे.
लकडगंज ठाण्याचे रिटायर्ड हेड कॉन्स्टेबल,
अंगात बनियन, मांडीवर मुरमुऱ्यांची ताटली.
डोर्लीकरला शिव्या घालायचे :
"मागचं दार पाह्य ना बे भैताडा, मागचं दार!"
आणि हरकरे पसार झाला
की ताटली तोंडाला लावून उरलेला चुरा खायचे,
म्हणायचे, भिंतीला म्हणावं तसं,
"डोकं आहे पोराले."

पोराले.

त्यांना ठाऊक होतं का, मी विचारलं नाही.
डाव्या हातानं काडी ओढणं,
शीळ अर्ध्यावर टाकून गप्प होणं,
चहा बशीत ओतून बशीच विसरणं,
हे हरकरेचं नव्हतं. नरूदादाचं होतं.
कपडे तेवढे मी बदलले,
आणि एक घारा डोळा दिला,
ओळख पटू नये म्हणून.

त्र्याऐंशीचा मे.
दादाच्या पेटीत सट्ट्याच्या चिठ्ठ्या.
आबांनी मोजल्या. सदतीस.
मग घरातल्या घरात युनिफॉर्म चढवला,
आरशासमोर उभे राहून पट्टा बांधू लागले.
तो पट्टा ते अंधारात, झोपेत, सायरनवर बांधत आले होते.
त्या दुपारी बक्कल तीनदा सुटलं.
चौथ्यांदा लागलं
तेव्हा गच्चीचं दार वाऱ्यानं आपटत होतं,
आणि चप्पल खालीच होती.
तापलेल्या गच्चीवरून अनवाणी गेला तो.

आबांनी पंचनामा लिहिला. अक्षर सुरेख.
"आरोपी फरार."
दोन शब्दांवर आमचं घर पंधरा वर्षं चाललं.

म्हणून हरकरे निसटायचा.
निसटला म्हणजे कुठेतरी आहे,
कुठेतरी आहे म्हणजे जेवला असेल,
एवढंच माझं कथानक.
लोक म्हणायचे, काय डाव टाकता बाई!
डाव कसला.
बुधवार ते बुधवार एक माणूस जिवंत ठेवायचा होता.

मग निरोप आला : भाग एकशे चार शेवटचा.
पकडा त्याला. न्याय दिसला पाहिजे.
न्याय मी एकोणीस वर्षं टाइप केलाय,
डबल स्पेस, तीन प्रती, खाली सही/-.
दिसतो तो. नाही असं नाही.

मी लिहिलं :
खोली. हरकरे बशीत चहा ओततोय.
दारात डोर्लीकर. पिस्तूल.
कुणीच बोलत नाही.
डोर्लीकर खाली वाकतो, बुटाची नाडी बांधू लागतो.
बांधतो. सोडतो. परत बांधतो.

हिरो म्हणाला, मी वाकणार नाही.

बुधवारी बेड्या पडल्या. कॅमेरा तीनदा बेड्यांवर.
डोर्लीकर हसला, मागे ढोलताशा.
हरकरेचा घारा डोळा थेट आमच्या खोलीत पाहत होता.
बशीतला चहा कुणी घेतलाच नाही,
ते मात्र त्यांनी ठेवलं होतं. चुकून असेल.

आबांनी टीव्ही बंद केला.
मुरमुरे तसेच.
"कोणता पोलिस एवढी घाई करते?" म्हणाले,
माझ्याकडे न बघता.

मग उठले. भिंतीला हात लावत मागच्या दाराशी गेले.
कडीचा आवाज आला.
लावली की काढली,
कूलरमुळे कळलं नाही.