बुधवारची रांग

कुमासीच्या अलीकडे, आमच्या पत्र्याच्या चर्चमध्ये
अर्पण वारावारी होतं.
ज्या वारी जन्म, त्या वाराच्या रांगेतून
नाचत यायचं, पेटीत टाकायचं.
हिशेब माझ्याकडे.

सोमवारवाले नेहमीच चढे.
शुक्रवारवाल्यांचं तोंड मोठं, हात आखडता.

आज बुधवारच्या बायकांमागून,
ढोल थांबता थांबता,
याव अम्पोन्सा आला.
जन्म गुरुवारचा; नावातच आहे तो.
कुणी हसलं, "म्हातारा वार चुकला!"

अकुआच्या रुमालाची गाठ
त्याला दातांनी सोडवावी लागली.
आत पाच सेडींची घडी.
नाचला नाही.
ती चालायची तसा
डावीकडे कलत गेला.

गुरुवार तीन सेडींनी हरला.
खाडाखोड कर म्हणाले.
मी पेनाला टोपण लावलं.