माशी

एनिस गावात सहा महिने बर्फ.
खिडकीशी बसून मी माशा बांधते:
बारीक गळ, रेशमी दोरा, कोंबड्याच्या मानेचं पीस,
सशाच्या कानामागची लव.
वेंडेल म्हणतो, पंख जरा विस्कट,
नदीला नीटनेटकं काही खरं वाटत नाही.

जूनमध्ये त्यानं मला
मॅडिसनच्या कंबरभर धारेत उभं केलं.
दोर लांबला, माशी पाण्यावर टेकली.
खालून सावली आली, थांबली,
वळली.
कुठं माशी शिंकली कोण जाणे.

सतराव्या फेकीला ट्राउट.
ओल्या तळहातांत क्षणभर, कल्ले मिटत-उघडत.
वेंडेलनं गळ सोडवला.
मी हात उघडले.

रात्री आईचा फोन. किती मिळाले?
एक.
मग, कसा केलास?

मी बोटांचा वास घेत राहिले.