आठ प्रती

चातुर्मास लागला की लांज्यातला माझा स्टुडिओ ओस पडतो.
मुहूर्त नाहीत, मुंडावळ्या नाहीत,
पडद्यावरच्या निळ्या डोंगराला बुरशी धरते.
येतात ते पासपोर्टवाले:
कुणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज, कुणाचा कुवेतचा व्हिसा.
हनुवटी वर. खांदे सरळ. डोळे मिटू नका.
बारापर्यंत तेही संपतात.

मग मी शटर अर्धं ओढतो,
कॅमेऱ्याला लॉजवरून आणलेली अंघोळीची टोपी घालतो,
वर दुधाची पिशवी, तिच्यावर रबरबँड,
आणि स्कूटर विलवड्याकडे वळवतो.
बायको आता विचारत नाही.
एकदाच म्हणाली होती,
मालगाडी पैसे देते का?

कटिंगच्या वर, सड्याच्या काठाला
एक जांभ्याचा चिरा आहे, कुणीतरी काढून तसाच टाकलेला.
त्यावर बसायचं.
खाली रूळ, दरडीवर लोखंडी जाळी,
जाळीतून हजार तोंडांनी गळणारं पाणी.
पाऊस इथे पडत नाही, आडवा चालतो,
बाहीतून शिरतो आणि खिशातून निघतो.

पाष्टे गस्तीवर असतो.
पिवळा रेनकोट, काखेत गुंडाळलेली लाल बावटी,
बुटात पाणी वाजतंय.
रूळ बघतो, दरड बघतो, मग मान वर करून मला.
“मांडवीचा काढा की वो फोटो.
मानसं तरी दिसतील.”
मी म्हणतो, मालगाडीच हवी.
“तिला कुठला टायम!”
आणि बोगद्याकडे निघून जातो
रोज तेवढेच स्लीपर मोजत असल्यासारखा.

त्याला काय सांगू?
की मांडवीला सगळे हात करतात.
मालगाडीला पोचवायला कुणी येत नाही,
आणायलाही नाही.
ती लूपवर उभी राहते,
शहाण्या थोरल्या बहिणीसारखी,
सगळ्यांना पुढे जाऊ देते.

पूर्वी डिझेल होतं तेव्हा
धूर पावसाखाली दबून कातळावर पसरायचा,
फोटोत शोभायचा.
आता तारा आल्या.
विजेचं इंजिन सांगत नाही, एकदम असतं.

त्या दिवशी चार वाजता ते असं एकदम होतं.
मागे रो-रो. सपाट वॅगनींवर ट्रक,
चाकांना साखळ्या,
न फिरता गोव्याकडे निघालेली चाकं.
इंजिनाचे नऊ फोटो काढले, नऊही धुरकट,
टोपीच्या आत काच घामेजलेली.
पुसली. तोवर निम्मी गाडी गेली.

सतराव्या वॅगनवर (मी मोजतो, सवय आहे)
निळ्या ट्रकच्या उघड्या दारात
बनियनवर एक माणूस पाय सोडून बसलेला,
हातात स्टीलचा पेला.
त्याने मला पाहिलं.
कॅमेरा पाहिला.
हात नाही हलवला.
पेला मागे ठेवला, ओल्या तळव्याने केस बसवले,
खांदे सरळ केले,
हनुवटी वर.

मी काही म्हटलं नव्हतं.

मग गार्डचा डबा, त्याचा दिवा,
आणि पाऊस, जो मध्ये थांबलाच नव्हता.

रात्री संगणकावर उघडला.
इंजिन नाही, बोगदा नाही,
कोपऱ्यात जाळीचा तुकडा,
आणि तो. एका गालावर काचेवरचा थेंब.
डोळे उघडे.
एवढा सरळ माझ्याकडे गावातलं कुणी बघितलेलं नाही,
सगळे लेन्सच्या जरा वर बघतात.

पासपोर्ट साइज कापला. आठ प्रती.
गल्ल्याखाली खोका आहे, न नेलेल्या फोटोंचा:
बँकेत नोकरी लागणार होती तो पराडकर,
कुवेतला न गेलेला हुसैन,
एक बाई जिचं नाव मीच नीट लिहिलं नाही.
पाकिटावर नावाच्या जागी लिहिलं,
निळा ट्रक, वॅगन सतरा.
पैसे: बाकी.

दुसऱ्या दिवशी पाष्टेने विचारलं,
“मिळाली काय तुमची मालगाडी?”
म्हटलं, नाही.
चिऱ्यावर बसलो. टोपी नीट केली.