सहा मिलिमीटर

संकेश्वरात दहाला वीज जाते,
म्हणून मी आठलाच शटर वर करते.
आधी इन्क्युबेटरचा लाल दिवा बघते,
देवाचा फोटो नंतर.

काल दुपारी चारला पेरलेली थाळी :
लगमव्वा कुराडे, वय ‘पंचेचाळीस असंल की’,
लघवी, तिसऱ्यांदा.
मिरचीच्या वखारीत देठं खुडते.
दिवसभर पाणी पीत नाही,
कारण चाळीस बायका आणि आडोसा एकही नाही.
फॉर्मवर याला रकाना नव्हता.
मी कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहून ठेवलं.

झाकण उचललं.
थाळीभर फिकट, सपाट, दाट उगवण
आणि तिच्यात टिकलीएवढ्या कागदी चकत्या,
एकेकीत एकेक औषध मुरवलेलं.
औषध लागू असलं की चकतीभोवती खळं पडतं,
चंद्राला पडतं तसं,
किंवा मळणीआधी सारवून ठेवतात तसं,
जिथं काही म्हणता काही उगवत नाही.

पट्टी लावली.
अँपिसिलिन : सहा.
सिप्रो : सहा.
सेफिक्झिम : सहा.

महिन्यापूर्वी शिकायला आलेला तौसिफ म्हणतो,
‘खळंच नाही की मॅडम, शून्य लिव्हा.’

शून्य लिहीत नाहीत रे.
चकतीच सहा मिलिमीटरची असते.
औषध पार हरलं
तरी बूड टेकलंय तेवढी जागा
त्याच्या नावावर धरतात.

काल तिनं पिशवी उलटी केली होती टेबलावर.
गडहिंग्लजच्या गोळ्या, इथल्या मेडिकलच्या गोळ्या,
एका पाकिटावर ‘सकाळी’,
दुसऱ्यावर कन्नडात तेच.
प्रत्येक पट्टीतल्या तीन-चार खाल्लेल्या,
उरलेल्या पुढच्या खेपेला.
‘जळजळ थांबली की कशाला वाया घालवायच्या?’
आतल्या जिवाणूंना दोन्ही पाकिटं
एव्हाना तोंडपाठ.

शेवटच्या चकतीला पट्टी दोनदा लावली.
मग तौसिफला लावायला सांगितली.
फॉस्फोमायसिन : सतरा.
पास व्हायला सोळा लागतात.
‘काठावर,’ तो म्हणाला.
‘काठावरच राहतोय की आपण,’ मी म्हटलं
आणि पहिल्यांदा निळं पेन उचललं.

साडेनऊला ती आली.
बोटांना मिरची, म्हणून रिपोर्ट
दोन मनगटांत धरला, तान्हं मूल धरावं तसा.
डॉक्टरांना फोन लावून दिला.
पुडी आहे, म्हटलं, एकदाच, पाण्यातून घ्यायची.
ती थबकली.
‘किती पाणी?’
अर्धा पेला.
तिनं मनात काहीतरी मोजलं,
वखारीपासून घरापर्यंतचं अंतर असेल.
‘रात्री घेतो मग. वखारीत नको.’

तिच्या मागून शिंका येत राहिल्या आम्हा दोघांना.

तौसिफनं थाळी ऑटोक्लेव्हात ठेवली,
झाकणाचे स्क्रू पिळले, बटण दाबलं.
दहाला वीज गेली.
आत पाणी कोमटच होतं अजून.