निर्धाव

त्याचं नाव एनफ. म्हणजे पुरे.
सातवा झाल्यावर आईनं देवाला जे सुनावलं
तेच नाव म्हणून लागलं.
पुढे आणखी दोघी झाल्या, ते असो.

एनफ न्यामुकापा. डावखुरा, फिरकी.
आमच्या धावपुस्तकातला रकाना
माओरी नावांना पुरायचा, स्कॉटिश नावांनाही.
त्याचं शेवटचं अक्षर मात्र दर शनिवारी
रेघ ओलांडून शेजारच्या आकड्यांत शिरायचं.
"पुढल्या खेपेला आखूड नाव घेऊन येतो," म्हणायचा.

इथे इन्व्हरकार्गिलला
वारा समुद्रावरून उठतो तो थेट बरगड्यांत.
पहिल्या दिवशी त्यानं तीन स्वेटर चढवले,
त्यातला एक माझ्या नवऱ्याचा.
चेंडू हातातून सुटला
आणि स्क्वेअर लेगचा पंच खाली वाकला.
सगळे हसले. तोही.
मग त्यानं गवताची चार पाती उपटली,
सोडली, कुठे जातात ते पाहिलं,
आणि उरलेला हंगाम वारा त्याच्या बाजूनं खेळला.

तिकडे, मुतारेला, डोंगर म्हणे मैदानाला खेटून.
ऑक्टोबरात जॅकरांडा इतका झडायचा
की रोलरआधी झाडू फिरवायचा,
नाहीतर खेळपट्टी जांभळी.
मॅनिकालँडकडून एकतीस सामने, अठ्ठ्याण्णव बळी.
शेवटच्या वर्षी मानधनाच्या पाकिटात
सकाळी पाव यायचा,
दुपारी त्याच नोटांत अर्धाही नाही.
एकदा चहाच्या सुट्टीत चहाच नव्हता,
दोन्ही संघ गरम पाणी पिऊन पुन्हा उतरले.
"साखर होती पण," तो सांगायचा,
जणू कुणी त्या देशाची निंदा केली होती.

मधली सहा वर्षं नोंदीत कोरी आहेत.
विचारलं तर म्हणायचा, पाऊस होता.

ओटागोनं त्याला चार सामने दिले.
छत्तिसाव्या वर्षी आणखी काय देणार!
बळी एक. सगळे मिळून नव्याण्णव.
लोक हळहळले. निवड समितीतला एक तर
अजून एखादा सामना मिळतो का बघतो म्हणाला.
त्यानं नुसतं पाठीवरच्या नावाकडे बोट दाखवलं.

आठवडाभर मटणाच्या कारखान्यात
गोठलेल्या मेंढ्या आकड्यांवरून उतरवायच्या.
बोटांची सालं निघालेली. शिवण धरताना
कधी रक्त लागायचं चेंडूला.
लाल चेंडूवर कोण बघतंय.

तो फेब्रुवारीतला शनिवार.
फोन आला तेव्हा तो माझ्या शेजारी होता,
हातात सँडविचचा उरलेला कोपरा.
धाकटीचा फोन,
पुरे म्हटल्यावरही आलेल्या दोघींपैकी एकीचा.
तो एकच शब्द बोलला: अमाय.
त्यांची भाषा मला येत नाही.
कळायला यावी लागली नाही.

कप्तानाला सांगू का, मी विचारलं.
त्यानं टोपी काढली, आत पाहिलं, परत घातली
आणि समुद्राकडचं टोक मागून घेतलं.

अकरा षटकं. आठ निर्धाव.
आमच्यात रीत आहे, निर्धाव षटकाचे सहा ठिपके
पेन्सिलीनं जोडायचे, इंग्रजी एम होतो.
मी जोडत गेले. दुसरं काय करणार होते?
फलंदाज चिडले, पुढे आले, मागे गेले,
एक पोरगा तर बॅट टेकवून हसायलाच लागला.
तो गवताची पाती सोडत राहिला
प्रत्येक चेंडूआधी.
वारा तपासत होता की काय, कोण जाणे.

संध्याकाळी वही त्यानं आपल्याकडे वळवून घेतली.
आठ एम, एकापुढे एक,
टोकं वर, खाचा खाली.
बराच वेळ पाहिलं.
मग तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधल्या खिंडीवर
ते सोललेलं बोट ठेवून म्हणाला,
"इथे आमचं घर."

पेन्सिलीला टोक करायचं निमित्त काढून मी आत गेले.
बाहेर आले तेव्हा तो रोलरवर बसला होता,
वाऱ्याकडे पाठ करून,
माझ्या नवऱ्याचा स्वेटर गुडघ्यांवर घडी घातलेला.